लेखी कैफियत

वादीच्या दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो, ती कैफियत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८ तिला लागू होतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत ती दाखल करायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. साध्या दाव्यात त्यानंतरही अपवाद म्हणून विलंब माफ होतो, वाणिज्यिक दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर हक्कच संपतो.

कैफियतीतल्या ढोबळ चुका मुरलेल्या वकिलांकडूनही होतात, कारण जुन्या फाईलमधला मसुदा हाताशी असतो. ‘कलम ४ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे वाक्य तिथूनच येते. त्या कलमात, म्हणजे दाव्याच्या त्या परिच्छेदात, पाच विधाने असतील, तर नेमके काय नाकारले? आदेश ८ च्या नियम ३ ते ५ प्रमाणे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे नाकारावे लागते; न नाकारलेले विधान कबूल धरले जाते. वादी म्हणतो, ५,००,००० रुपये दिले. ‘५,००,००० मिळाले नाहीत’ हे उत्तर पळवाटेचे ठरते. ४,००,००० मिळाले असतील तरी ते खरेच असते. ‘ती रक्कम वा तिचा कोणताही भाग मिळाला नाही’ असे लिहावे, नाहीतर किती मिळाली ते सांगावे.

यासाठी दावा वाचताना प्रत्येक कलमातली विधाने सुटी करून समोर कबूल, नाकबूल किंवा ‘वादीने शाबीत करावे’ असा शेरा मारावा. शेवटचा शेरा प्रतिवादीला ठाऊक असणे शक्य नाही अशाच गोष्टींसाठी. स्वतःच्या सहीबद्दल ‘माहिती नाही’ म्हणणे अंगाशी येते. निर्विवाद गोष्टी, उदाहरणार्थ नाते किंवा गट नंबर, सरळ कबूल कराव्यात. सगळेच नाकारले की मुद्दे विनाकारण वाढतात आणि खऱ्या नकाराचे वजन जाते.

मुदतबाह्यता, रक्कम फेडल्याची हकीकत, कराराची बेकायदेशीरता हे बचाव नियम २ प्रमाणे स्पष्ट मांडावे लागतात. फसवणुकीचा आरोप असेल तर तपशील व आवश्यक तेथे तारखा द्याव्यात (आदेश ६, नियम ४). मांडणीत शेवटी येणारी ‘खरी हकीकत’, म्हणजे प्रतिवादीची स्वतःची बाजू, प्रत्यक्षात आधी लिहावी. नकार तिच्याशी पडताळून पाहता येतात. ताबा वादीकडे नाही असे कलम ३ मध्ये आणि वादीने ताबा सोडावा असे हकीकतीत, ही विसंगती उलटतपासात पहिली बाहेर येते.