‘नाही ना?’ विचारलं की ‘नाही’च येतं
प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता डॉक्टर विचारतात, “बाकी काही त्रास नाही ना?” पेशंट म्हणतो, “नाही.” मग दारापाशी जाऊन वळतो, “डॉक्टर, जिना चढताना छातीत जरा भरून येतं...” खरी तक्रार तीच असते.

चूक पेशंटची नाही. ‘नाही ना?’मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरच्याने फक्त मान डोलवायची. ‘आहे’ म्हणायचं तर डॉक्टरांचं बोलणं खोडावं लागतं, आणि ते कोण खोडणार?

इंग्रजीत हे काम ‘एनी’ आणि ‘सम’ हे शब्द करतात. ‘एनी’ नकाराकडे झुकतो, ‘सम’ होकाराकडे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० डॉक्टरांपैकी काहींना ‘आणखी काही सांगायचंय का’ हा प्रश्न ‘एनी’ वापरून, तर काहींना ‘सम’ वापरून विचारायला लावलं. एकाहून जास्त तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी ‘सम’ ऐकलेल्या सुमारे ९० टक्के पेशंटनी होकार दिला. ‘एनी’ ऐकलेल्यांपैकी ५३ टक्क्यांनी. तपासणीचा वेळ काही लक्षणीय वाढला नाही.

मराठीत ‘ना’ गाळून “अजून काय काय होतंय?” असं विचारावं. तेही पहिली तक्रार ऐकून झाल्यावर लगेच, पेन हातात घेण्याआधी. आणि मग गप्प बसावं. हेच सर्वांत अवघड. वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना आढळलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. मनात सावकाश तीन आकडे मोजा.

“ताप, खोकला, जुलाब वगैरे?” असा घोळका करू नका. त्याला एकच “नाही” मिळतं, आणि ते कशाला होतं ते कळत नाही.

गोळ्यांचंही तसंच. “वेळेवर घेता ना?” याला “हो” येणारच. त्याऐवजी, “रोजची गोळी म्हटलं की एखादी राहतेच. गेल्या सात दिवसांत किती राहिल्या?” चुकण्याची लाज आधीच काढून टाकली, की आकडा मिळतो. त्यावर लगेच “का नाही घेतली?” विचारलंत तर सगळं मुसळ केरात, तो जाब वाटतो. “राहिली त्या दिवशी काय गडबड होती?” एवढं पुरतं.

गावी असलेल्या आईला फोनवर “बरी आहेस ना?” विचारलं, तर ती बरीच असते. “काल रात्री झोप किती वाजता लागली?” असं विचारून पाहा.