सूर्याचा प्रकाश अडवायचा कुठे? पांढऱ्या प्रकाशातील सौर फिल्टरची पार्श्वभूमी

१६१० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून दिसलेल्या सौरडागांचे रेखाटन केले. दुर्बिणीतून डाग पाहिल्याची ही सर्वांत जुनी नोंद. त्याच्याकडे फिल्टर, म्हणजे सूर्याचा सगळ्याच रंगांचा उजेड मंद करणारा पडदा, नव्हता. धुक्याने सूर्य मंदावला होता, तेवढाच आडोसा. पुढे क्रिस्टोफ शायनरने रंगीत काच वापरली. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने त्याहून शहाणी वाट काढली: दुर्बिणीत डोकवायचेच नाही, सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची. गॅलिलिओची १६१२ मधली डागांची चित्रे याच पद्धतीची आहेत. सूर्याकडे बघून तो आंधळा झाला असे अजूनही सांगतात. प्रत्यक्षात त्याची दृष्टी गेली ती यानंतर सुमारे २५ वर्षांनी.

कागदावरच्या प्रतिमेत डाग ठसठशीत दिसतात, पण बारीक तपशील पुसट होतात. ते पाहायचे तर डोळा दुर्बिणीला लावावाच लागतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलच्या मोठ्या दुर्बिणींमध्ये नेत्रिकेजवळच्या (डोळा लावायच्या भिंगाजवळच्या) गडद काचा उष्णतेने तडकत. वेगवेगळ्या रंगांच्या काचा लावून पाहताना त्याला विलक्षण गोष्ट जाणवली: काही काचांतून उजेड थोडा येई, पण उष्णता भरपूर. या कोड्याचा पाठपुरावा करताना १८०० मध्ये त्याला अवरक्त किरण, म्हणजे डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण, सापडले. फिल्टर निवडणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. डोळ्याला गडद वाटणारी काच सुरक्षित असतेच असे नाही, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्याने इजा होताना समजतही नाही. काजळी धरलेली काच किंवा रंगीत फिल्मचे तुकडे म्हणूनच बाद.

इथून पुढचा सगळा शोध एकाच प्रश्नाचा आहे: प्रकाश अडवायचा कुठे? विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याने तो दुर्बिणीच्या आत, नेत्रिकेच्या आधी वळवला. त्याच्या पाचरीसारख्या काचेच्या पृष्ठभागावरून जेमतेम ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि बाकीचा आरपार निघून जातो. हीच आजची हर्शेल वेज. परावर्तित झालेला हा थोडा प्रकाशही डोळ्याला फार असल्याने तिच्यासोबत आणखी फिल्टर लागतो. १८६६ मध्ये लिऑन फूकोने उष्णता आत शिरूच द्यायची नाही असे ठरवून वस्तुभिंगावरच (दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या मुख्य भिंगावर) चांदीचा पातळ थर चढवला. आज दुर्बिणीच्या तोंडावर बसणारा प्रत्येक फिल्टर याच विचाराचा वंशज आहे.

तरीही विसाव्या शतकात लहान दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसवायच्या काळ्या काचा सर्रास मिळत. एकवटलेल्या उष्णतेने अशी काच अचानक तडकते. जुन्या पेटीत सापडली तर फेकून द्यावी.

दुर्बिणीच्या तोंडासाठी पुढे धातूचा मुलामा दिलेल्या काचा आणि ॲल्युमिनियमचा थर असलेली पॉलिस्टर फिल्म आली. फिल्ममधून सूर्य निळसर दिसे, काचेतून पिवळा-नारिंगी. चांगली सपाट काच बनवणे खर्चिक आहे, आणि सुमार काच दुर्बिणीची धार घालवते. फिल्म अतिशय पातळ असल्याने थोडी सैल राहिली तरी बिघडत नाही. उलट ताणून बसवली की प्रतिमा बिघडते. बाडर कंपनीच्या ॲस्ट्रोसोलर फिल्मने जवळजवळ पांढरा सूर्य दाखवला. माझ्या मते सुरुवातीला अशीच चांगली फिल्म घ्यावी. दर वेळी ती उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोके तपासावीत आणि शोधक दुर्बीणही (नेम धरायला बाजूला बसवलेली छोटी दुर्बीण) झाकावी.

छायाचित्रणाचा धागा निराळा. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये म्यूदाँ येथे खगोलशास्त्रज्ञ झान्सेनने अगदी अल्प उद्भासनात (पट्टीवर क्षणभरच प्रकाश पडू देऊन) सूर्यपृष्ठाचा दाणेदार पोत टिपला. हे दाणे साधारण १,००० किलोमीटरचे. थरथरत्या हवेत ते क्षणभरच स्पष्ट दिसतात. त्याच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, त्यामुळे आपोआप प्रकाशाचा अरुंद पट्टाच वापरला जाई. आजचे छायाचित्रकार ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा फिल्टर वापरतात तेव्हा तोच फायदा मुद्दाम घेतात: भिंगाचा रंगदोष (वेगवेगळे रंग एकाच जागी न जुळणे) उरत नाही आणि दाण्यांचा उठाव वाढतो. भिंगाच्या दुर्बिणीवर हर्शेल वेज आणि हा फिल्टर ही जोडी उत्तम. आरशाच्या दुर्बिणीला वेज लावू नये, आतली उष्णता तिच्या दुय्यम आरशाला सोसत नाही.

अल्प उद्भासनाला प्रकाश जास्त लागतो, म्हणून फिल्म दोन घनतांची मिळते; घनता जितकी जास्त तितका प्रकाश कमी. घनता ५ ची फिल्म एक लाखांश प्रकाश सोडते आणि ती डोळ्यांसाठी आहे. घनता ३.८ ची सुमारे १६ पट जास्त सोडते, त्यामुळे ती लावलेल्या दुर्बिणीला फक्त कॅमेराच जोडावा.