दुरा-युरोपोसच्या भुयारातील धूर

सीरियाच्या पूर्व भागात, युफ्रेटिस नदीच्या उजव्या तीरावरील उंच कड्यावर, दुरा-युरोपोस या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. मेसोपोटेमियाच्या स्वामित्वासाठी रोमन आणि इराणी सत्तांमध्ये जो दीर्घ झगडा चालला, त्याच्या इतिहासात इ.स.पू. ५३ मध्ये कार्ही येथे रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याची इराणच्या पार्थियनांनी उडवलेली धूळधाण किंवा इ.स. २६० मध्ये रोमन सम्राट व्हॅलेरियन हा पार्थियनांनंतर इराणवर राज्य करणाऱ्या सासानी घराण्यातील राजा शापूर याच्या हाती जिवंत सापडणे, अशा घटनांना ठळक जागा मिळते. त्या मानाने दुरा हे नदीवरचे एक ठाणे होते आणि त्याच्या शेवटच्या वेढ्याचे वर्णन एकाही प्राचीन इतिहासकाराच्या लेखनात आढळत नाही. शापूरने इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथे कोरून घेतलेल्या शिलालेखात जिंकलेल्या शहरांची यादी आहे, तिच्यात दुराचे नाव येते, एवढेच. बाकी सर्व हकिकत मातीतून वाचावी लागते.

अलेक्झांडरनंतर सत्तेवर आलेल्या सेल्युकसच्या राजवटीत, इ.स.पू. ३००च्या सुमारास, हे शहर वसले आणि मॅसिडोनियातील त्याच्या जन्मगावावरून त्याला युरोपोस हे नाव मिळाले. इ.स.पू. ११३च्या सुमारास ते पार्थियनांकडे गेले, तरी कागदोपत्री ग्रीक भाषा चालूच राहिली. इ.स. १६५ मध्ये रोमन आले आणि पुढे शहराचा उत्तर भाग त्यांच्या छावणीने व्यापला. सत्ता बदलली म्हणून वस्ती बदलत नसे, असे येथील लेखांवरून दिसते. ग्रीक, लॅटिन, पार्थियन, हिब्रू, पाल्मिरातील अरेमाइक अशा अनेक भाषांतील मजकूर या एकाच गावात सापडला आहे.

इ.स. २५६च्या सुमारास शापूरच्या सैन्याने शहराला वेढा घातला. पूर्वेला नदीचा कडा आणि उत्तर-दक्षिणेला खोल घळी असल्यामुळे सपाट वाळवंटाकडील पश्चिम तट हीच शहराची कमकुवत बाजू होती. रोमनांनी तटालगतची घरे व देवळे मातीने भरून आतून जाड बांध घातला. त्या मातीखाली एक ज्यू सभागृह आणि ख्रिस्ती उपासनेसाठी वापरले जाणारे एक घर गाडले गेले, आणि म्हणूनच दोन्हींची भित्तिचित्रे टिकली. १९२० मध्ये ब्रिटिश फौजेतील शिपाई खंदक खणत असताना येथील पहिली भित्तिचित्रे उजेडात आली; पुढे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी १९२८ ते १९३७ या काळात विस्तृत उत्खनन केले.

बंदुकीच्या दारूचा शोध अद्याप लागलेला नव्हता. त्यामुळे तटाला सुरुंग लावणे याचा अर्थ पायाखालची माती उपसून वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरणे आणि मग ते टेकू पेटवून देणे असा होता. सासानी सैनिकांनी एकोणिसाव्या बुरुजाखाली असेच भुयार खणले. खणण्याची चाहूल लागताच रोमनांनी त्यांना गाठण्यासाठी आतून दुसरे भुयार खणले. १९३०च्या दशकात फ्रेंच संशोधक रॉबेर द्यु मेनिल द्यु ब्विसाँ यांना त्यात किमान १९ रोमन सैनिकांच्या सांगाड्यांचा ढीग सापडला, आणि थोड्या अंतरावर चिलखत घातलेला एक सासानी सैनिक. भुयारात हातघाईची लढाई झाली, रोमन मागे हटले आणि वरचे छत कोसळले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाचे सायमन जेम्स यांनी हा निष्कर्ष अमान्य केला. दोन मीटरही उंची-रुंदी नसलेल्या बोळात एवढ्या जणांना तलवारीने मारणे अवघड, आणि प्रेते तर भिंत रचावी तशी एकावर एक टाकलेली होती. भुयारात डांबर आणि गंधकाचे स्फटिक मिळाले होते. सासानी भुयार रोमन भुयाराच्या खालच्या पातळीवर होते. दोन्ही एकमेकांना भिडल्यावर खालचा गरम धूर धुराड्यातून चढावा तसा वर जाणार, हे उघड आहे. गंधक जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड डोळ्यांच्या व फुफ्फुसांच्या ओलाव्यात विरघळतो आणि त्याचे आम्ल बनते. बंदिस्त जागेत त्याने काही क्षणांत शुद्ध हरपू शकते. जेम्स यांच्या मते विषारी धुराने आत शिरलेले रोमन सैनिक मारले गेले, त्यांची प्रेते रचून सासानी सैनिकांनी वाट अडवली आणि मग रोमन भुयार पेटवून दिले. तो एकटा सासानी सैनिक कदाचित आग लावणाराच असावा. हा परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा राहिलेला तर्क आहे, हे विसरून चालणार नाही; परंतु प्रेतांची रचना, गंधक आणि भुयारांच्या पातळ्या या तिन्ही गोष्टींचा मेळ जुन्या निष्कर्षापेक्षा याच तर्कात अधिक चांगला बसतो, असे मला वाटते.

एवढे करूनही बुरूज पडला नाही. पाया जळाल्यावर तो खाली खचला, पण दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांनी त्याला तोलून धरले. सासानी सैन्याने दक्षिणेच्या बाजूला तटाच्या माथ्यापर्यंत मातीचा उतार रचला होता आणि त्याच्या पोटातही भुयारे खणली होती. शहर पडल्यावर मात्र ते ना शापूरने पुन्हा वसवले ना रोमने, आणि ज्या ठाण्यासाठी दोन्ही साम्राज्यांनी माणसे जमिनीखाली धाडली, ते ओसाड पडले.