गाडीला कंठ फुटतो तेव्हा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका लॉजच्या अंगणात रात्री मोटारसायकल लावली, हँडल लॉक केलं, आणि दिवसभर घाट उतरून दमलेलो असल्यामुळे पडल्या पडल्या झोप लागली. सकाळी पाहतो तर गाडी आठ-दहा फूट सरकलेली, हँडलचं लॉक तुटलेलं आणि मागच्या दोन बॅगांपैकी एक गायब. गाडी वाचली ती बहुधा वजनामुळे. माझी हिमालयन भरल्या टाकीनिशी दोनशे किलोच्या आसपास भरते, ती ढकलत नेणं सोपं नाही. पण माझी खोली तिथून जेमतेम ४० मीटरवर होती. इतक्या जवळ इतकं घडलं आणि कानावर काहीच आलं नाही, हे मनाला लागून राहिलं. पुढच्या प्रवासाआधी गाडीला सायरन बसवायचाच, असं तेव्हाच ठरवलं.

लांब पल्ल्याच्या गाडीची अडचणच ही आहे. ती रोज नव्या जागी झोपते. शेजारी ओळखीचे नसतात, वॉचमन असेलच असं नाही आणि अंगावर सामान लादलेलं असतं. हार्ली-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांत चोरीची सूचना देणारी यंत्रणा असते, पण गाडी हलली की नुसते इंडिकेटर लुकलुकतात. आवाज हवा असेल तर सायरन वेगळा घेऊन जोडावा लागतो. रात्री दोन वाजता अंगणात लुकलुकणारा दिवा कोण पाहणार? डोळे मिटलेले असतात, कान मात्र झोपेतही उघडे असतात.

बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा छोटा सायरन उघडला तर आत पितळेची एक पातळ चकती दिसते आणि तिच्यावर पांढुरक्या सिरॅमिकचा थर. हीच सायरनची जीभ. पियेर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन या भौतिकशास्त्रज्ञानं गणितानं सांगितलं की उलटंही घडायला हवं, म्हणजे विजेचा दाब दिला की स्फटिकाचा आकार बदलायला हवा. आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगानं पडताळून पाहिलं. आपल्या सायरनमध्ये हेच उलटं काम चालतं. सिरॅमिक सेकंदाला काही हजार वेळा आक्रसतं आणि पसरतं, पितळ मात्र आक्रसायला तयार नसतं. त्या ओढाताणीत चकती वाटीसारखी आत-बाहेर वाकते आणि पुढची हवा ढकलते. या खेळाला १२ व्होल्ट अपुरे पडतात, म्हणून आतलं छोटं कॉईल दाब कित्येक पटींनी वाढवून चकतीला देतं.

हा आवाज इतका टोचरा का वाटतो, याचं उत्तर सायरनइतकंच आपल्या कानातही आहे. कानाचं भोक ते पडदा ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला बंद. अशी नळी स्वतःच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या आवाजाला साथ देते, म्हणजे १० सेंटिमीटरच्या. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर हा आवाज निघतो सुमारे ३४०० हर्ट्झचा. पियेझो, म्हणजे अशा सिरॅमिकच्या चकतीचे, सायरनही साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात वाजवतात. तान्ह्या बाळाच्या रडण्यातला काळजात घुसणारा भागही याच पट्ट्यात बराच असतो. गाडीचा हॉर्न ४०० हर्ट्झच्या आसपास भरदार वाटतो, पण दोन-तीन अँपिअर करंट खातो. सायरन त्याच्या दहाव्या हिश्शात कान फाडतो.

आता खोक्यावर छापलेल्या ‘१२० डेसिबल’ या आकड्याकडे वळू. तो किती अंतरावर मोजला, हे बहुतेक खोक्यांवर लिहिलेलंच नसतं आणि त्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एक मीटरवर ११० डेसिबल असेल तर १० मीटरवर ९० आणि ४० मीटरवर ७८ उरतो. मध्ये भिंत आणि बंद खिडकी आली की आणखी २५ तरी जातात. म्हणजे उशीपाशी पोहोचतात ५३ डेसिबल. छताचा पंखा वेगात असेल आणि बाहेर समुद्र गाजत असेल, तर खोलीत तेवढा आवाज आधीच असतो. कान फाडणारा सायरन मालकाला जागं करायला कमी पडतो तो असा.

त्यात दिशेचा प्रश्न. ३००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ११ सेंटिमीटर. एवढी आखूड लाट टाकी, इंजिन, सीट अशा अडथळ्यांना नीट वळसा घालत नाही, त्यांच्या मागे सावली पडते. सायरन सीटखाली फोमला चिकटवून ठेवला, तर आवाजाचा मोठा हिस्सा तिथेच मुरतो. तोंड वर केलं तर पावसाचं पाणी भोंग्यात साचतं आणि चकतीचा गळा धरतं. शेवटी मी तो मागच्या मडगार्डच्या आत, तोंड खाली आणि किंचित बाहेर करून बसवला. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, हे महत्त्वाचं. सिरॅमिकला आलेलं ध्रुवीकरण, म्हणजे ज्यामुळे ते विजेला दाद देतं तो गुण, फार तापल्यावर नाहीसं होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी वायरींचे डाख (सोल्डर) आणि प्लॅस्टिक हार मानतात.

सायरन सतत एकाच सुरात न वाजता वर-खाली का हेलकावतो, यालाही कारण आहे. डाव्या-उजव्या कानात आवाज पोहोचण्यात जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा मेंदू या फरकावरून ठरवतो. पण ३००० हर्ट्झची एक लाट ०.३३ मिलिसेकंदातच संपते. कुठली लाट आधी आली याचा घोळ होतो. मग दोन कानांतल्या जोराच्या फरकावर विसंबावं लागतं, आणि भिंतींवरून परतणारे आवाज तोही बिघडवतात. सूर सरकत राहिला की मेंदूला एकाऐवजी अनेक खुणा मिळतात, दिशा सापडते आणि कान त्याला सरावतही नाही. वर-खाली होणारा सूर काढायची युक्ती जुनी आहे. शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकानं १८१९ मध्ये भोकं पाडलेली तबकडी हवेच्या झोतात फिरवून सूर काढला. तबकडी जितकी जलद, तितका सूर उंच. हे यंत्र पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्यानं ग्रीक कथांतल्या समुद्रकाठच्या गायिकांचं नाव त्याला दिलं: सायरन.

कंठ झाला, आता कान. गाडी हलली हे ओळखतो तो नखापेक्षा लहान चिपमधला त्वरणमापक. सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो, आणि त्याला फणीसारखे दाते. भार सरकला की दात्यांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, आणि तो बदल चिप मोजते. १९९० च्या दशकात मोटारीतल्या एअरबॅगसाठी हे चिप मोठ्या प्रमाणावर बनू लागले. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एक असतो. गाडी साइड स्टँडवर उभी असताना तो गुरुत्वाकर्षणाची दिशा लक्षात ठेवतो. कोणी गाडी सरळ केली की हा कोन दहा-बारा अंशांनी बदलतो. एका अंशाचा बदलसुद्धा गुरुत्वत्वरणाच्या पावणेदोन टक्के भरतो, आणि चिपला तो सहज कळतो.

इतकं सहज कळणं हीच खरी अडचण आहे. पहिल्या रात्री माझा सायरन वाजला तो चोरामुळे नव्हे. ओल्या तांबड्या मातीत स्टँड हळूहळू रुतला आणि गाडी दीड अंश झुकली. दुसऱ्या वेळी सीटवर मांजर उडी मारून बसलं, तिसऱ्यांदा शेजारी माडाची झावळी पडली. तिन्ही वेळा मी धावत बाहेर आलो, आणि चौथ्या वेळी मनात आलं, असेल मांजरच. ज्या क्षणी हे मनात येतं त्या क्षणी सायरन निकामी होतो, त्याची चकती कितीही जोरात वाजत असली तरी. म्हणून सायरन घेताना मी आता डेसिबल शेवटी पाहतो. आधी पाहतो ती संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची सोय, सावकाश झुकण्याकडे दुर्लक्ष करून झटक्याकडे लक्ष देण्याची अक्कल, आणि पहिल्या धक्क्याला नुसती ‘टिक-टिक’ करून दुसऱ्याला गळा काढण्याची पद्धत. स्टँडखाली सपाट दगड किंवा फळीचा तुकडा ठेवायची सवय मात्र आपली आपणच लावून घ्यायची.

सागरी मार्गावर आणखी एक प्रसंग येतो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं जाताना मी सवयीनं रिमोटचं बटण दाबून सायरनचा पहारा सुरू केला. बोट धक्क्यावरून सुटली, डुलली, आणि खाडीच्या मध्यावर गाडीनं किंचाळायला सुरुवात केली. एसटीतून उतरलेल्या एका आजींनी कानांवर हात ठेवले ते अजून आठवतं. चिपला बोटीचं डुलणं आणि चोराचं हलवणं वेगळं कळत नाही. फेरीवर, ट्रेलरवर, रेल्वे पार्सलला देताना हा पहारा पूर्ण बंदच ठेवायला हवा.

बॅटरीचा हिशोब मला सगळ्यात उद्बोधक वाटला. बॅटरी आणि यंत्रणेच्या मध्ये मल्टिमीटर लावून पाहिलं, तर नुसता पहारा देताना ती ६ मिलिअँपिअर करंट घेत होती. मीटर बॅटरीच्या मुख्य वायरमध्ये लावून मोजत असाल तर स्टार्टर दाबू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. ६ मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण २४ तासांत ते ०.१४४ अँपिअर-तास होतात आणि ३० दिवसांत ४.३. माझी बॅटरी आहे ८ अँपिअर-तासांची. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर निम्म्याहून जास्त बॅटरी या पहाऱ्यातच संपते, आणि लेड-ॲसिड बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात. याउलट सायरन वाजताना पाव अँपिअर लागतो, पण फक्त अर्धा मिनिट. गणित मांडून पाहा: एका दिवसाच्या मुक्या पहाऱ्यात जेवढी वीज जाते, तेवढ्यात सायरन जवळपास ७० वेळा वाजेल. ओरडणं स्वस्त आहे, लक्ष ठेवणं महाग. कमी करंट घेणारी यंत्रणा शोधावी, आणि गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पहारा बंद करावा किंवा चार्जर लावावा.

जोडणीत एकाच गोष्टीवर मी अडून बसलो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज. वायरमनचं म्हणणं होतं, एवढ्याशा सायरनला कशाला? पण फ्यूज सायरनला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. सीटखाली घासून वायरचं आवरण गेलं आणि ती चासीला टेकली, तर बॅटरी क्षणात शंभरएक अँपिअर सोडू शकते. बारीक वायर लाल होते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. मूळ वायरिंग कापून जोड मारण्यापेक्षा वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून थेट बॅटरीवर घेणं बरं. कापलेल्या वायरचं निमित्त होऊन वॉरंटीवरून वाद होतात. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडे जोड महिन्याभरात हिरवे पडतात, म्हणून पाणी न शिरणारे कनेक्टरच वापरावेत.

सराईत चोर आधी बॅटरीची वायर तोडतो. त्यासाठी काही सायरनच्या पोटात छोटी निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी असते. गाडीची बॅटरी तिला हळूहळू चार्ज करत राहते, आणि बाहेरची वीज अचानक गेली की सायरन तिच्यावर वाजू लागतो. मेकॅनिककडे बॅटरी काढण्याआधी तो किल्लीनं बंद करायचा असतो, हे त्या मेकॅनिकला जरूर सांगा. चाचणी घेताना कानात बोळे घाला. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास सुरक्षित मानते आणि प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा करते. त्या हिशोबानं ११० डेसिबलला दीड मिनिटच उरतं. सीट काढून सायरनपाशी डोकं घातलं की ते दीड मिनिट कधी संपतं कळत नाही.

कायद्याचाही विचार हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम बहुसुरी हॉर्नला आणि कर्कश, दचकवणाऱ्या आवाजाच्या साधनांना मनाई करतो. त्याचा रोख रस्त्यावर वाजवल्या जाणाऱ्या भोंग्यांवर आहे, पण शब्द व्यापक आहेत, म्हणून बसवण्याआधी आरटीओत विचारलेलं चांगलं. चालत्या गाडीवर हँडलच्या बटणानं सायरन वाजवण्याची सोय तर मुळीच करू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. माझा सायरन ३० सेकंदांत आपोआप थांबतो, कारण दमलेल्या गावाची झोप मोडायचा मला हक्क नाही.

बसवून झाल्यावर गुहागरला मुक्काम होता. जेवणं झाल्यावर, दहाच्या आत, घरमालक काकांना आणि शेजाऱ्यांना सांगून चाचणी घेतली. मी खोलीत दार-खिडकी लावून, पंखा पाचवर ठेवून पलंगावर आडवा झालो, आणि मेहुण्यानं अंगणात गाडी हलवली. बाहेरून फोन आला, “भाऊजी, ऐकू आलं का?” आला होता, पण लांब कुणाच्या घरी टीव्ही चालू असावा तसा. गाडी फाटकापाशी होती आणि सायरनचं तोंड रस्त्याकडे. मग ती आमच्या खिडकीसमोर आणली, मागची बाजू विहिरीच्या दगडी कठड्याकडे केली, म्हणजे त्यावर आपटून आवाज खिडकीकडे वळेल. पुन्हा हलवली. या वेळी मी उठून बसलो आणि पलीकडच्या खोलीतून काकांनी हाक मारली, “पुरे हो, आता आम्हीसुद्धा येऊ धावत!”