टेकडी श्रमदान, पुणे

पुणे शहरातील व शहरालगतच्या टेकड्यांवर नागरिकांनी एकत्र येऊन, विनामोबदला, बहुधा रविवारी सकाळी केलेले वृक्षसंवर्धनाचे व मृद्‌संधारणाचे काम. खड्डे घेणे, रोपे लावणे, उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणे, चर खणणे, दगडी बांध रचणे, कचरा वेचणे आणि वणव्याच्या दिवसांत वाळके गवत कापून जाळरेषा मोकळ्या ठेवणे, ही कामे या संज्ञेत येतात. वेताळ टेकडी व तिला लागून असलेल्या हनुमान, लॉ कॉलेज, एआरएआय आणि चतुःशृंगी या टेकड्या, दक्षिणेकडे पर्वती-तळजाई, पश्चिमेकडे बाणेर-पाषाण व कोथरूडची म्हातोबा टेकडी ही त्याची नेहमीची ठिकाणे. पुणेकराच्या तोंडी ‘टेकडीवर जाणे’ म्हणजे सकाळचे फिरणे. श्रमदान हा पुष्कळांच्या बाबतीत त्या फिरण्यालाच फुटलेला फाटा असतो.

संज्ञा व उगम : ‘श्रमदान’ हा सामासिक शब्द विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतून आला, असे सर्रास सांगितले जाते. भूदानाचा आरंभ १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे झाला आणि त्यामागोमाग ग्रामदान, संपत्तिदान, श्रमदान अशी दानांची मालिका तयार झाली, हे खरे. पण या चळवळीने शब्द रूढ केला एवढेच त्यावरून म्हणता येते. घडवला, असे म्हणण्यास तेवढा आधार पुरेसा नाही. कृती तर निश्चितच जुनी आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी खराटा हाती घेत. मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट रस्ते झाडण्याचे काम व्रतासारखे करीत. राष्ट्र सेवा दलाच्या (स्थापना १९४१) शिबिरांत अंगमेहनतीचा तास असे.

याहून मागे जाणारे दुसरे मत श्रमदानाचे मूळ ‘इर्जिक’ व ‘सावड’ या शेतकी प्रथांत शोधते. इर्जिकीत गावातले शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरतात, दिवसात नांगरट उरकतात आणि शेतमालक त्यांना जेवू घालतो. सावडीत बैल किंवा माणूसबळ यांची सरळ फेड असते : आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. हे मत आकर्षक आहे, परंतु टेकडीला ते नीट लागू पडत नाही. इर्जिकीला यजमान असतो, सावडीला परतफेड असते. टेकडीला यजमान नाही आणि परतफेडीचा हिशेब कोणी ठेवत नाही. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणे’ ही म्हण टेकडीवरची मंडळी स्वतःलाच लावून घेतात, ती याच अर्थाने. तेव्हा प्रथेचा स्वभाव सर्वोदयी व सेवादलाच्या परंपरेशी अधिक जुळतो, असे मानणे बरे. ‘वेठ’ हा मात्र सर्वच मतांना मान्य असलेला विरुद्ध शब्द. काम तेच, सक्तीचे. सक्तीने हजेरी लावायला आणलेल्या विद्यार्थ्यांचे काम श्रमदानात धरावे की वेठीत, हा प्रश्न अगदीच थट्टेचा नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते, आणि टेकडीवरची तरुण गर्दी बरीचशी त्या तासांशी बांधलेली असते.

ग्लिरिसिडियाचा वाद : वनमहोत्सव १९५० पासून देशभर साजरा होऊ लागला. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर रोपवन झाले ते बहुधा त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारणपणे १९८० च्या दशकात, सामाजिक वनीकरणाच्या लाटेत. त्या वेळी निवडलेल्या झाडांत ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प किंवा उंदीरमारी, अग्रस्थानी होते. ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. फांदी रोवली तरी जगते, तोडले तर पुन्हा फुटते, मुळांवरील गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीत आणते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. उघड्याबोडक्या, चरून गेलेल्या, पातळ मुरमाच्या उतारासाठी यापरते सोयीचे झाड नव्हते, हे समर्थकांचे म्हणणे आजही खोडता येत नाही. फेब्रुवारीत पाने झडलेल्या फांद्या गुलाबी तुऱ्यांनी भरतात, तेव्हा टेकडीवर फोटो काढणाऱ्यांची संख्या वाढते.

आक्षेप दोन आहेत. पहिला परिचित : एकाच झाडाच्या दाट राईत देशी झाडोरा व त्यावर जगणारे कीटक-पक्षी टिकत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पुण्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ७२० मिमी. आहे, त्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. बेसाल्टवर वीतभर माती. अशा जागी मुळात घनदाट जंगल होते काय? टेकड्यांवर आज तुरळक उरलेल्या पळस, पांगारा, सालई, मोई, हिवर, खैर, बोर या झाडांवरून आणि त्यांच्यामधल्या कुसळी गवतावरून पाहता, इथे विरळ झाडांचा गवताळ माळ असावा, असे समजणे अधिक सयुक्तिक ठरते. चंडोल व तित्तिर यांना लागतो तोही माळच. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून प्रत्येक टेकडीवर एके काळी देवराई असणार, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. वेताळ व म्हातोबा ही दैवते त्याला खतपाणी घालतात. पण दैवत आहे म्हणून राई होतीच, असे नाही.

या वादाचा परिणाम कामावर झाला आहे. गवताळ भागात सरसकट खड्डे घेऊ नयेत, रोपांची संख्या मोजण्यापेक्षा घाणेरीची (लँटानाची) झुडपे काढावी व आपोआप उगवलेल्या देशी रोपांना राखावे, असा आग्रह धरणारे गट आता आहेत. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमांतून तयार झालेल्या माणसांचा या विचारामागे मोठा वाटा आहे. उलट बाजूला राज्य शासनाच्या वृक्षलागवड मोहिमा होत्या : २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट. त्या वर्षांत जुलैमध्ये टेकडीवर माणूस कमी पडला नाही.

कामाची रीत : वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे पावसाआधी घेऊन उन्हात तापू देतात. पहार, टिकाव, फावडे आणि घमेले एवढी अवजारे पुरतात. मुरूम लागला की पहारीला पर्याय नसतो. दोनतीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावतात. सलग समतल चरांसाठी गवंड्यांच्या लेव्हल पाईपाने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, एकाच उंचीचे बिंदू आखून घेतात. चर सर्वसाधारणपणे ६० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल असतो आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला रचतात. आखणी एका जागी दोन बोटे जरी चुकली, तरी सगळे पाणी त्या खालच्या टोकाला धावते आणि चराची घळ होते. म्हणून आखणीला अनुभवी माणूस बसवतात आणि नवख्यांच्या हाती घमेले देतात. ओहोळांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. हे नाव मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ या पुण्याच्याच संस्थेवरून पडले.

खरी कसोटी डिसेंबरनंतर. टेकडीवर पाणी नसते; ते खालून न्यावे लागते किंवा मध्यावर ठेवलेल्या टाकीतून. पाच लिटरचा खाद्यतेलाचा रिकामा कॅन हे या कामाचे खरे मानचिन्ह म्हणावे लागेल. निवृत्त गृहस्थ एका हातात काठी व दुसऱ्या हातात कॅन घेऊन चढतात, ठरलेल्या रोपाच्या आळ्यात निम्मे पाणी ओततात, ते जिरेपर्यंत थांबतात आणि उरलेले पुढच्या रोपाला देतात. आळ्यात वाळक्या गवताचे आच्छादन असले, तर हे पाणी आठवडाभर पुरते. उघड्या आळ्यात दोन दिवसांत माती भेगाळते. बुडाला बारीक भोक पाडलेली बाटली किंवा वातीचे मडके रोपाशेजारी पुरण्याची पद्धतही आहे. जुलैत लावणारे हात आणि मार्चमध्ये पाणी घालणारे हात यांची संख्या कधी जुळत नाही. लावलेल्या रोपांच्या आकड्यावरून या प्रथेचे मोजमाप करणे त्यामुळे फसवे ठरते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेले रोप हेच मोजण्याजोगे.

जमीन व कायदा : टेकड्यांचा काही भाग वन विभागाचा (भांबुर्डा व पाचगाव पर्वती ही त्यांपैकी जुनी क्षेत्रे), काही महापालिकेचा, काही संस्थांचा व काही खासगी आहे. वनजमिनीवर वन विभागाच्या परवानगीशिवाय खणता किंवा लावता येत नाही. झाड तोडण्यावर नागरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांमधील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण टाकण्याचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळला. सुमारे ९७८ हेक्टरांवरचे हे आरक्षण राज्य शासनाने २०१५ मध्ये मान्य केले. या मागणीसाठी सह्या गोळा करणाऱ्यांत व पुढे बालभारती–पौड फाटा रस्त्याला विरोध करत २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा काढणाऱ्यांत श्रमदानवाले बरेच होते. तरीही दोन्हींची गल्लत करू नये. मोर्चाला वर्षातून एखादी सकाळ लागते.

वारजे येथील वन विभागाच्या जागेवर लोकसहभागातून उभे राहिलेले स्मृतिवन हे या प्रथेचे बहुचर्चित उदाहरण. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने देशात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचाच उल्लेख झाला.

नदीकाठची कामे : मुळा, मुठा व रामनदी यांच्या काठची कामे या संज्ञेत काटेकोरपणे बसत नाहीत, पण माणसे अनेकदा तीच असतात. ‘जीवितनदी’ या संस्थेचा ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ हा उपक्रम विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी चालतो. गणेशविसर्जनाच्या दिवशी घाटांवर निर्माल्य वेगळे घेण्याचे काम स्वयंसेवकांबरोबर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. त्यांचे ते रोजचे कष्ट असल्याने त्याला श्रमदान म्हणणे योग्य होणार नाही.