मीटर बारा व्होल्ट दाखवतोय, तरी व्हॅनमधला फ्रीज का बंद पडतो?

गेल्या पावसाळ्यात कोकणात उतरायचं म्हणून रात्री गगनबावड्यात थांबलो होतो, धो धो पाऊस, आणि व्हॅनमधला फ्रीज दहा सेकंद घुर्र करून बंद, परत चालू, परत बंद. गाडी वीस वर्षांची, डिझेल, मागच्या सीटा काढून आम्ही तिच्यात बेड, छोटा ओटा, पाण्याचा पंप, एलईडी पट्ट्या आणि १२ व्होल्टचा फ्रीज बसवलाय, आणि ह्या सगळ्यासाठी १०० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी, इंजिनच्या बॅटरीचा तिच्याशी संबंध नाही. पंप चालू केला की दिवे मंद व्हायचे. मल्टीमीटर काढला, बॅटरीवर १२.६, फ्रीजच्या सॉकेटवर पण १२.६. म्हणजे करंट व्यवस्थित येतोय असं मी धरलं, आणि कोल्हापूरला आल्यावर बॅटरीतच दम नसेल म्हणून नवी आणून बसवली. तरी तेच.

मग उद्यमनगरात एका जुन्या वायरमन मामांकडं गाडी नेली. त्यांनी माझा मीटर बाजूला ठेवायला सांगितला, हेडलाईटचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी झाळलेल्या होत्या, आणि फ्रीजच्या जागी तो बल्ब लावला. बल्ब पिवळा, मलूल पेटला. आता मीटर लावा म्हणाले. त्याच सॉकेटवर १० व्होल्ट! मग बल्बची मायनसची वायर तिथनं काढून लांब वायरीनं थेट बॅटरीच्या मायनसला टेकवली आणि बल्ब पांढराशुभ्र झाला. "पावणं, बॅटरीला काय बी झाल्यालं न्हाई, अर्थ गेलाय." अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडं परत जायची वाट.

हे समजून घ्यायला आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे पंचगंगेवरनं उसाला पाणी नेणारी पाइपलाइन. पाइपात मधेच गाळ साचलाय, पण शेताकडचा कॉक बंद असेल तर तिथल्या प्रेशर गेजवर काटा पूर्ण वर दिसतो, कारण पाणी वाहतच नाहीये, मग गाळ अडवणार काय? कॉक उघडला की काटा खाली आणि धार करंगळीएवढी. वायरीचंही असंच आहे. डिजिटल मल्टीमीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला तो १ मायक्रोअँपिअरच्या आसपास ओढतो. वायरीच्या तीसपैकी एकच तार शिल्लक असली तरी एवढा करंट आरामात जातो आणि मीटर बारा दाखवतो. मामांचा ५५ वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअर मागतो, आणि तिथं खरं काय ते कळतं.

गेऑर्ग ओहमनं १८२७ साली मांडलेला नियम इथं लावून बघा. खराब जोडात समजा फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आलाय. चार अँपिअर गेले की त्या जोडावर २ व्होल्ट खर्च होतात, बल्बला उरले १०. साध्या फिलॅमेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं पडतो, १२ चे १० झाले की तो निम्म्यावर येतो. आणि ते २ व्होल्ट कुठं जात नाहीत, ते जोडाला तापवतात, ८ वॅट उष्णता एका नटाएवढ्या जागेत, त्यामुळं जोड अजून खराब होतो. घरातल्या २३० व्होल्टमध्ये २ व्होल्ट गेले तर कुणाला पत्ता पण लागत नाही, पण १२ मधले २ म्हणजे सहावा हिस्सा. शिवाय तेवढ्याच वॅटसाठी इथं करंट जवळपास एकोणीसपट लागतो. म्हणून व्हॅनमध्ये घरातल्यापेक्षा जाड वायर लागते, आणि म्हणूनच व्होल्टेज खाली आलं की फ्रीजमधलं कटआउट कॉम्प्रेसर बंद करतं, फ्रीज चांगला असला तरी.

अर्थच का जातो? कारण गाडीत प्लसची वायर प्रत्येकाला वेगळी ओढतात पण परतीचा रस्ता बहुतेक वेळा गाडीचा पत्राच असतो. आमच्या बेडखाली एकाच बोल्टवर पाच लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या भोकाच्या पट्ट्या) चढवलेले होते आणि खालचा रंग सुद्धा खरवडलेला नव्हता, सगळा भार बोल्टच्या आट्यांवर. तांब्याचा लग, लोखंडी पत्रा आणि मध्ये पाणी असं जमलं की तो एक छोटा सेलच तयार होतो, त्यात लोखंड झिजतं आणि गंज करंट नीट नेत नाही. त्यात समुद्राची खारी हवा लागली की हे काम भराभर होतं, आमच्या मालवणच्या चकरा त्याला कारण असणार असं मला वाटतं. कधी कधी पाणी वायरीच्या प्लास्टिकमधनं वातीसारखं आत चढतं, बाहेरनं वायर छान दिसते आणि सोलली की आत तांबं काळं नाहीतर हिरवं.

अर्थ गेल्याची काही लक्षणं अगदी भूताटकीसारखी वाटतात. दिवे बंद असताना ब्रेक दाबला आणि पार्किंग लाईट, नंबरप्लेटचा दिवा मंद पेटले, तर मागच्या लाईटचा अर्थ बघा. ब्रेकच्या फिलॅमेंटमधनं आलेल्या करंटला बॉडीत जायला वाट नाही, मग तो त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलॅमेंटमधनं उलटा घुसतो आणि बाकीच्या दिव्यांमधनं घरी जातो. ह्याहून वाईट म्हणजे इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी तुटणं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, डिझेल गाडीचा सेल्फ मारताना काही शे अँपिअर लागतात, आणि पट्टी नसेल तर ते अॅक्सिलरेटरच्या केबलमधनं जायला बघतात. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर गाडी पुढं नेऊ नका.

शोधायची पद्धत मामांनी जी दाखवली ती मी तेव्हापासून पाठ केलीय. फ्रीज किंवा बल्ब चालू ठेवायचा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक आधी फ्रीजच्या मायनस वायरीला. चांगल्या गाडीत इथं ०.१, फार तर ०.२ येतो, आमच्यात २ च्या वर आला. मग दुसरं टोक एकेक जोड बॅटरीकडं सरकवत आणायचं: लग, बोल्ट, पत्रा, केबल, क्लॅम्प. लगवर २.१, बोल्टवर २, शेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर ०.२. म्हणजे चोर बोल्ट आणि पत्र्याच्या मध्ये. काही उघडायला लागत नाही, काही अंदाज नाही. प्लसच्या बाजूला पण हेच करता येतं. ओहमच्या रेंजवर मात्र हे सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो.

बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. १२ व्होल्ट कोरड्या हाताला झटका देत नाही, पण बॅटरी शॉर्टमध्ये हजारभर अँपिअर देऊ शकते, हातातली अंगठी क्षणात लाल होते, म्हणून अंगठी, घड्याळ काढूनच. फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असलं करू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो, तो बॅटरीजवळच हवा, आणि तुम्ही झोपता त्या बेडखालनंच ती वायर गेलेली असते.

आमचा बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, लग नवे दाबले, पाचही मायनस एका जाड पितळी पट्टीवर आणून तिथनं थेट बॅटरीला केबल नेली आणि वरनं ग्रीस लावलं. फ्रीज चालू असताना आता ०.०६ येतोय. काढलेली जुनी बॅटरी चांगलीच होती, ती शेतावरच्या झटका मशीनला लावलीय. दरवर्षी मिरगाच्या आधी एक रविवार हेच मीटर घेऊन बेडखाली बसायचं ठरवलंय.