कपाटाएवढ्या पॅनलला एक टनाचा एसी?

माझा एक दोस्त उद्यमनगरात कंट्रोल पॅनल बनवतो, म्हणजे मशीन चालवणारी विजेची उपकरणं बसवलेली पत्र्याची कपाटं. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "भावा, एका पॅनलला कूलर बसवायचाय, कॅटलॉगात सगळं बीटीयूत, त्या गरमीच्या मापात, लिहिलंय आणि माझ्या मीटरवर वॅट न् मिलिअँपिअर दिसतंय, काय करू?" मी म्हटलं वॅटला ३.४१२ नं गुण, झालं काम. अर्ध्या तासानं परत फोन. "आरं, साडेबारा हजाराच्या वर जातंय की!"

एक टनाचा एसी १२,००० बीटीयूचा असतो. आणि ह्याचं पॅनल म्हणजे घरातल्या कपड्याच्या कपाटाएवढं. कायतरी गंडलंय हे त्यालाही कळत होतं, म्हणून संध्याकाळी गाडी काढली आणि गेलो.

गुणाकार त्याचा बरोबरच होता. ३.४१२ हा आकडा काही जादूचा नाही. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, तासात सेकंद ३६००, म्हणजे एक वॅट तासभर चालला की ३६०० ज्यूल उष्णता. एक बीटीयू म्हणजे एक पाउंड पाणी एक डिग्री फॅरनहाइटनं तापवायला लागणारी उष्णता, ती साधारण १०५५ ज्यूल. ३६०० ला १०५५ नं भागा, ३.४१२ आलं. हेच कॅलरीत पाहिजे असेल तर एक वॅट म्हणजे तासाला ०.८६ किलोकॅलरी. पटत नसेल तर स्वतःवर लावून बघा, माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅटची गरमी बाहेर टाकतो, म्हणजे तासाला ८६ किलोकॅलरी, दिवसाला २०६४. पुड्याच्या मागं रोज २००० कॅलरी लागतात असं छापलेलं असतं ना, ते हेच. (ती खाण्यातली कॅलरी म्हणजे खरंतर किलोकॅलरी, तिथं हजारपट घोळ आधीच घालून ठेवलाय.)

मँचेस्टरच्या बिअर बनवणाऱ्या घरातल्या जेम्स ज्यूलनं १८४० च्या दशकात खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून पाणी किती तापतं ते मोजलं, तेव्हापासून काम आणि उष्णता एकाच मापात बसतात. म्हणून वॅट हे विजेचं युनिट आणि बीटीयू हे गरमीचं असं वेगळं काही नाही, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. फक्त कॅटलॉगवाले 'बीटीयू' लिहून मोकळे होतात आणि 'तासाला' हा शब्द खाऊन टाकतात, त्याचा मला वैताग येतो. किलोमीटर आणि ताशी किलोमीटर ह्यात फरक आहे तसाच हा.

मग पॅनल उघडलं. एका रिलेच्या (विजेनं चालू-बंद होणारं स्विच) कॉइलमध्ये मीटर लावला, २४ व्होल्टवर १७ मिलिअँपिअर. गुणाकार ४०८ मिलिवॅट. इथं एक जपायचं, मिलिवॅटला थेट ३.४१२ नं गुणलं की एका रिलेची गरमी १३९२ येते आणि माणूस हादरतो. आधी हजारानं भागून ०.४०८ वॅट करायचं, मग गुणायचं, उत्तर १.३९ बीटीयू. इंग्रजीत मिलिचा एम छोटा आणि मेगाचा मोठा लिहितात, तिथं चुकलात तर हजारपट नाही, अब्जपट चुकाल.

असे १२ रिले म्हणजे ४.९ वॅट. दरवाजावरचे ८ एलईडी दिवे, २० मिलिअँपिअरनं प्रत्येकी ४८० मिलिवॅट, ते ३.८. पीएलसी, म्हणजे मशीनचा छोटा कॉम्प्युटर, धरा ५. एसएमपीएस, म्हणजे मेनच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा डबा, बाहेर ६० वॅट देतोय, आत ६८ ओढतोय, म्हणजे ८ वॅट त्याच्याच अंगात राहिले. सगळी बारीकसारीक मंडळी मिळून २२ वॅटच्या आत, ७५ बीटीयू सुद्धा नाही.

मग साडेबारा हजार आले कुठनं? ड्राइव्हमधनं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्यातनं. पाच हॉर्सपॉवरची मोटर, म्हणून पठ्ठ्यानं ३.७ किलोवॅट अख्खे गुणले, एकट्याचे १२,६२४. पण ती पॉवर केबलमधनं बाहेर मोटरला जाते आणि लेथ फिरवते, पॅनलमध्ये काय तापत बसत नाही. आत राहतो तो फक्त ड्राइव्हचा लॉस, इथं साडेतीन टक्के धरला तर १३० वॅट. एकूण १५२ वॅटच्या आसपास, म्हणजे ५२० बीटीयू.

मीटर चुकत नव्हता, फॉर्म्युलाही नाही. कुठले वॅट आत अडकतात आणि कुठले वायरीतनं निघून जातात, एवढंच बघायचं राहिलं होतं.

तो म्हणाला मग साधा पंखाच लावतो की. एरवी चाललंही असतं, पण पंखा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, शेडमध्ये एप्रिलात चाळीसच्या आसपास जातं आणि बऱ्याच ड्राइव्हच्या पुस्तकात ४० च्या वर लोड कमी करा असं लिहिलेलं असतं. शिवाय शेजारी फौंड्री, सगळी काळी धूळ बोर्डावर बसणार. म्हणून बंद पॅनल आणि १००० बीटीयूचा कूलर, कारण तापलेल्या पत्र्यातनं आत येणारी गरमीही धरायला लागते.

कूलर आला तेव्हा लेबल बघून गड्याचा परत फोन. "ह्यो स्वतःच २५० वॅट खातोय, हे पण गुणून आतल्यात मिळवू काय?"

नको, म्हटलं. ते २५० आणि आतनं उचललेली गरमी दोन्ही तो मागच्या जाळीतनं बाहेर फेकतो. तिथं टूल काढत उभं राहणाऱ्या पोराला विचार, किती बीटीयू लागतंय ते.